दुसऱ्यांदा तारा लावल्या तेव्हा

दातांच्या तारांना आजारपण म्हणावं का, यावर केंद्रशाळेच्या एका बैठकीत जेवणाच्या सुट्टीत चांगलाच वाद झाला होता. एका गुरुजींचं म्हणणं, ताप नाही, टाके नाहीत, सलाईन नाही, मग आजार कसला, ही तर हौस. माझ्या गालाच्या आत तेव्हा मेण चिकटवलेलं होतं आणि जिभेला फोड होते, म्हणून मी उत्तर दिलं नाही. डब्यातली पेज पीत बसले. आता तारा निघाल्या, तोंड मोकळं झालं, तर उत्तर देऊन टाकते. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं दुसऱ्यांदा तारा लावणं म्हणजे काय, हे मला कुठं लिहिलेलं सापडलं नव्हतं. सापडलं असतं तर मी थोडी कमी घाबरले असते.

चंद्रपूरहून येताना मूल या तालुक्याच्या गावापुढे, धानाच्या बांध्या आणि जंगल यांच्या मधोमध आमचं गाव आहे आणि गावाच्या उशाशी तलाव. मी पहिलीच्या वर्गाला शिकवते, म्हणून सगळं गाव मला बाई म्हणतं. आमचे हे तलावातली मासोळी धरतात आणि थोडं धान पिकवतात. सासर-माहेर दोन्ही ढिवरांचं. फरक इतकाच, की माझे बाबा लवकर बल्लारपूरला मिलमध्ये लागले आणि मी जाळं हातात न घेताच वाढले.

पहिल्या तारा

शाळेत असताना माझे वरचे दात माझ्याआधी दारातून बाहेर पडत. माझं लग्न कसं होणार या काळजीनं आईचा जीव टांगणीला लागला होता. मामा नागपूरला होता. तिथल्या मोठ्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टरांना असे दात हवेच असत, म्हणून मला तिकडे धाडलं. त्या काळात प्रत्येक दाताला पोलादी कडं ठोकून बसवत. बल्लारपूरहून रेल्वेनं जायचं आणि संध्याकाळी ठणकतं तोंड घेऊन परत यायचं. परतीच्या गाडीत मी खिडकीला गाल लावून अर्धवट झोपेत असायची. वरोरा, भद्रावती ही गावं मला त्या झोपेतूनच ठाऊक आहेत.

दात सरळ झाले, लग्न जमलं. पाहायला आल्या तेव्हा सासूबाईंनी माझी हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं आणि बैलाचे पाहतात तसे दात निरखले. मला फार राग आला होता. पण त्या समाधानानं हसल्या आणि सुपारी फुटली. त्यांना त्या दातांत काय दिसलं, ते मला फार पुढे कळलं.

यांचे कान

लग्नानंतर थोड्याच वर्षांत यांना मेंदूचा ताप आला. गडचिरोलीच्या दवाखान्यात बरेच दिवस काढले. माणूस परत आला, कान तिकडेच राहिले. हे पूर्वी फार बोलके होते. डोंग्यात बसले की तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाशी यांची काही ना काही मसलत चालायची. ताप उतरल्यावर हे घराच्या पडवीत बसून राहत आणि लोकांची तोंडं हलताना पाहत.

लोकांना टाळायची यांची एक युक्ती होती. कुणी बोललं की हे मान हलवत. हो, हो, बरोबर आहे. समोरच्याला वाटे, समजलं. यांना काहीही समजलेलं नसे आणि पुन्हा विचारायची इच्छाही नसे. मान हलली की बोलणं संपलं. गावातल्या सगळ्यांना यांनी त्या एका मानेवर वाटेला लावलेलं मी पाहिलं आहे.

फक्त माझ्याशी तसं नव्हतं. पहिलीच्या पोरांना अ म्हणताना तोंड किती उघडायचं आणि ऊ म्हणताना ओठ कुठे न्यायचे हे दाखवता दाखवता माझं तोंडच तसं घडलेलं होतं. यांनी ते वाचायला घेतलं. कुणी शिकवलं नाही, कुणी सांगितलं नाही. एका हिवाळ्यात सुरुवात झाली आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत आम्ही पूर्वीसारखे भांडू लागलो. मला तेव्हा इतका आनंद झाला की मी मुद्दाम भांडणं उकरून काढत असे. बोलायचं म्हणजे माझ्याशी बोलायचं, हे यांचं तेव्हापासून ठरूनच गेलं.

आमचं सगळ्यात चांगलं बोलणं तलावावर व्हायचं. शाळा सुटल्यावर मी पाळीवरून घरी येई आणि यांचा डोंगा पाळीच्या कडेकडेनं माझ्या सोबत सरकत राही. मधे कमळाची पानं, शिंगाड्याच्या वेली, कुठं एखादी पाणकोंबडी. मी आवाज काढतच नसे, नुसते ओठ हलवायची. आज वर्गात काय झालं, कोण रडलं, घरी मीठ संपलंय. हे पाण्यावरून हळू आवाजात उत्तर देत. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असेल, एक माणूस स्वतःशीच बोलत वल्हं मारतो आहे आणि एक बाई त्याच्याकडे पाहत चालली आहे.

कळलं तो दिवस

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझं बोलणं यांना मधूनमधून चुकायला लागलं. मला वाटलं, यांचे डोळे. चष्मा बदलून आणला. तरी चुकतंच होतं. मग एके दिवशी वेणी घालताना आरशात माझंच तोंड मी जरा नीट पाहिलं. वरचा डावीकडचा पुढचा दात आपली जागा सोडून पुढे आला होता, शेजारच्यालाही ओढून आणत होता आणि दोघांच्या मधे चांगली फट पडली होती. बोटानं दाबला तर हलला. त्या दातामुळे वरचा ओठ वेगळाच उचलला जात होता. चष्म्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

चंद्रपूरला महिन्यातून एकदा नागपूरहून एक तरुण डॉक्टरीण यायची. तिनं आरसा घालून पाहिलं, फोटो काढला आणि मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. डॉक्टर स्टूल ओढून समोर बसले की काहीतरी वाईट आहे हे आपल्याला लगेच कळतं. तिनं सांगितलं, हिरड्या सैल झाल्या आहेत, हाड झिजलंय, दात असेच सरकत राहिले तर पडतील. दोन वाटा आहेत. पुढचे दात काढून कवळी बसवायची, हे काम लवकर होईल. नाहीतर हिरड्यांचा इलाज करून तारा लावायच्या आणि दात हळूहळू मागे न्यायचे. त्याला दोन वर्षं लागतील, जास्तही लागतील, आणि खात्री नाही.

मी मनात कवळी केव्हाच बसवून टाकली होती. या वयात तारा लावून मी शाळेत जाऊ? पोरीबाळींचं काम ते. बाहेर बाकावर हे बसले होते. मी शेजारी बसून, यांच्याकडे तोंड करून सांगितलं, की काढूनच टाकते. यांनी माझ्या ओठांकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "नको. तुयं तोंड बदललं त मी कोनासंग बोलू?"

बाकावर आणखी दोन-चार पेशंट होते. कुणाला काही समजलं नसेल. मला मात्र पायाखालची फरशी थंड लागली ती आठवते. कवळी बसली की ओठ आत जातात, गाल बसतात, माणूस वेगळा दिसतो, हे मला ठाऊकच होतं, पण दिसण्यापलीकडे मी गेलेच नव्हते. मी आत जाऊन डॉक्टरणीला सांगितलं, की तारा लावा.

चांदी

आधी हिरड्यांचं काम झालं, त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही, रक्त आणि गुळण्या. मग तारा. आता पोलादी कडी नव्हती. प्रत्येक दातावर एक बारकी चौकट चिकटवतात आणि त्यांच्यातून तार ओवतात. मी त्या चौकटींना खिट्ट्या म्हणायची. पहिल्या दिवशी फारसं दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सगळे दात एकदम जागे झाले आणि आपापल्या वाटेनं निघाले. भाताचं शीतही चावेना. जवसाची चटणी, वाळलेली मासोळी, भाजलेले शिंगाडे, सगळं बंद.

दुखण्याच्या गोळ्यांनी एक विचित्र गुंगी यायची. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी पडवीत पडून असे. तलावाचं ऊन उलटून पडवीच्या आढ्यावर हलत राही आणि मला वाटे, मी पाण्याच्या तळाशी आहे, वरून डोंगे जात आहेत आणि कुणीतरी माझे दात एकेक करून हलक्या हातानं जागेवर लावतं आहे. कधी पहिल्या तारांची रेल्वे आणि आताची एसटी यांची गल्लत होई. आपण किती वर्षांच्या आहोत तेच मला कळेनासं होई. खरं सांगायचं तर ते मला आवडायचं. दुखत असताना इतकं छान वाटावं याची थोडी लाजही वाटायची.

वर्गातली पोरं खूश होती. बाईच्या दातात चांदी आली म्हणून त्यांनी घरोघरी सांगितलं. एका मुलीनं मला विचारलं, की ही रात्री काढून पेटीत ठेवता का. मी हो म्हणाले. माझी जाऊ सुमन मात्र पोरांसारखी नव्हती. "या वयात कोनाले दाखवाचं हाये वो बाई?" असं ती भर विहिरीवर म्हणाली आणि बायका पदरात हसल्या. मी त्यांना कारण सांगितलं नाही. नवऱ्याशी बोलायला म्हणून तारा लावल्या असं सांगितलं असतं तर त्या आणखी हसल्या असत्या.

मान

आता सगळ्यात वाईट भाग. तारांमुळे ओठ फुगले होते. आतून सोललेले, म्हणून मी तोंड जेमतेम उघडायची. लाज वाटायची म्हणून पदर तोंडाशी धरायची. ज्या तोंडासाठी एवढं सगळं केलं, तेच यांना दिसेनासं झालं.

पहिले काही दिवस हे चुकले, विचारत राहिले. मग विचारणं कमी झालं. आणि एके संध्याकाळी मी चुलीजवळून काहीतरी सांगितलं, तर यांनी मान हलवली. हो, हो. बरोबर आहे.

मी भाकरीचा हात तसाच ठेवून यांच्याकडे पाहत राहिले. ती मान माझ्या ओळखीची होती. गावाला द्यायची ती मान. सरपंचाला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, सुमनला. एवढ्या वर्षांत मला ती कधी मिळाली नव्हती. मला रडू आलं आणि धुराचं निमित्त बरं सापडलं.

पाटीवर लिहून का नाही बोललात, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. लिहिलं की. हे दहावीपर्यंत शिकलेले आहेत. पण पाटीवर दूध संपलं असं लिहिता येतं. पाळीवरून चालताना मनात काय काय येतं ते लिहायला कोण थांबतं? आणि लिहून दाखवलेल्या थट्टेवर कुणी हसत नाही. हळूहळू मी कामापुरतंच लिहू लागले. डोंगा अजूनही पाळीच्या कडेनं सोबत यायचा, पण मी पदर धरून चालायची आणि हे पाण्याकडे पाहत असायचे. घर आधीच शांत होतं. ते आणखी शांत होऊ शकेल असं मला वाटलं नव्हतं.

खिट्टी

त्यात तो डावीकडचा दात. त्याच्यावरची खिट्टी निघायची. डॉक्टरीण चिकटवून द्यायची, पुढच्या खेपेपर्यंत ती पुन्हा हातात. बाकीचे दात शहाण्यासारखे मागे चालले होते आणि हा एकटा हटून बसला होता.

डॉक्टरणीनं विचारलं, सुपारी खाता का. नाही. खर्रा, तंबाखू? मी शिक्षिका आहे, बाई. चणे, ऊस, हाडं, बोरं, पेन चावायची सवय? नाही, नाही, नाही. मी सगळं खरं सांगत होते. ती दमून म्हणाली, "काकू, काहीतरी नक्की करताय तुम्ही. हा दात असाच राहिला तर मला तो काढावा लागेल. मग तारांचा काही उपयोग नाही."

मला अपमान झाल्यासारखं वाटलं. आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं आणि आता मीच खोटारडी ठरत होते. परतताना एसटी लोहाऱ्याच्या जंगलात शिरली. पळस फुलला होता, पण मला पाहावासा वाटला नाही. हे शेजारी होते. मी यांना काही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर यांनी मान हलवली असती, आणि ती मला पुन्हा पाहायची नव्हती.

धागा

रविवार होता. सकाळची कामं आटपून मी पडवीत जाळं घेऊन बसले. फाटलेलं जाळं दुरुस्त करणं आमच्या घरात माझं काम. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी शिकवलं आणि मला ते इतकं आवडलं की मी शाळेतून येऊन रोज थोडं तरी विणायची. आणखी एक कारण होतं. माझे हात जाळ्यात असले की हे मोकळे असायचे, समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहायचे. आमच्या घरातल्या गप्पा अशा जाळ्यावर झालेल्या आहेत. त्या काळात गप्पा बंद झाल्या होत्या, पण बसायची सवय राहिली होती.

हे समोर बसले होते. एकाएकी उठले, माझ्याजवळ आले आणि माझ्या ओठावर बोट ठेवलं. बोटाखाली धागा होता. "हे काऊन धरून राह्यली? इथीच त तार लावली न."

मी डोळे खाली करून पाहिलं. नायलॉनचा धागा माझ्या डावीकडच्या पुढच्या दातात होता. प्रत्येक गाठीला मी तो तिथे धरत होते आणि हातानं ताणत होते. गाठ आवळण्याची आमच्याकडची हीच रीत आहे. सासूबाईंच्या त्याच दाताला धाग्यानं पडलेली खाच होती आणि नव्या सुनांना त्या ती कौतुकानं दाखवत. खाच पडली म्हणजे सून जाळ्यात मुरली. म्हणून तर त्यांनी माझे दात पाहिले होते. वीस-पंचवीस वर्षं मी तो दात धाग्यानं पुढे ओढत होते आणि आता तारा त्याला मागे नेत होत्या. डॉक्टरणीनं मी काय खाते ते विचारलं, काय विणते ते कसं विचारणार? आणि आपण श्वास घेतो हे जसं कुणी मुद्दाम सांगत नाही, तसं मलाही ते सांगायचं सुचलं नसतं, इतकं ते अंगवळणी पडलेलं होतं.

मी यांना विचारलं, की तुम्ही रोज पाहत होता तर आधी का नाही सांगितलं. दोनदा विचारलं तेव्हा यांना समजलं. हे गोंधळून म्हणाले, "मले वाटलं, डॉक्टरीनबाईले तू सांगतलंच असन."

मी हसायला लागले. ओठ ताणला गेला, रक्त आलं, तरी हसत राहिले. मग कधी रडू लागले ते समजलं नाही. हे घाबरून उभे होते. मी जाळं बाजूला सारलं, पदर खांद्यावर टाकला आणि तोंड होईल तेवढं उघडून म्हणाले, "समजलं नाई त नाई म्हना. ती मान मले नका दाखवू."

एवढं मात्र यांना पहिल्या झटक्यात समजलं. खाली बसले. जाळ्याची कड हातात घेऊन उगाच चाचपत राहिले. मग म्हणाले, "तुले तोंड उघडलं का दुखते. मले दिसते ते. मंग पुन्हा पुन्हा कसं विचारू?"

म्हणजे ती मान दार लोटायला नव्हती. माझं तोंड वाचवायला होती. एवढे महिने मी ज्या मानेवरून मनात यांच्याशी भांडत होते, ती यांनी माझ्या फोडांवर घातलेली फुंकर होती. मी यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि तशीच पडून राहिले. तलावावरून वारा येत होता.

जाळं यांच्या हाती

त्या दिवसापासून जाळं यांनी घेतलं. डॉक्टरणीला सांगितलं तेव्हा ती एवढी हसली की तिचा मास्क खाली आला. खिट्टी पुन्हा निघाली नाही.

पण आता हे विणू लागले तर डोळे जाळ्यावर. डोळे जाळ्यावर म्हणजे माझं बोलणं बंद. आधी माझं तोंड बंद होतं, आता यांचे डोळे. मी पडवीच्या खांबाला टेकून बसायची आणि यांच्या वाकलेल्या डोक्याशी बोलायची, केसांना ऐकू येतं का ते पाहत.

एके संध्याकाळी पाहते तर हे वर बघत होते. हात खाली चालूच होते. बोटं जाळ्याची घरं चाचपत होती, सुई आत-बाहेर जात होती आणि डोळे सरळ माझ्या तोंडावर होते. गाठी वेड्यावाकड्या पडत होत्या. एक घर मोठं, एक लहान. "बोल," हे म्हणाले. "समजलं नाई त सांगतो."

मी बोलले. "नाई," हे म्हणाले. मी पुन्हा बोलले. "नाई." तिसऱ्यांदा समजलं. दुखत होतं, पण ते दुखणं आता कामाचं होतं. त्या जाळ्यातून पुढे बऱ्याच मासोळ्या निसटल्या असतील. सुमन म्हणाली, "भाऊजीनं जाळं केलं का चाळन?" मी तिला म्हटलं, चाळण तर चाळण.

कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून

मेण जवळ ठेवा, खिशात, पर्समध्ये, सगळीकडे. भात जास्त पाणी घालून शिजवा आणि वरून कढी ओता, कण्याही चालतात. फोडांना मध लावा. तोंडावर पदर किंवा रुमाल धरू नका. लोकांना हसायचं ते हसतात आणि मग त्यांना दुसरं काहीतरी सापडतं. दवाखान्यात तुम्ही हातानं काय काम करता ते स्वतःहून सांगा, शिवणं, विणणं, बिड्या वळणं, काहीही. आणि घरातलं माणूस गप्प झालं तर ते कशानं गप्प झालं ते एकदा विचारून घ्या. मी उशिरा विचारलं.

निघाल्या

तारा निघाल्या तेव्हा उन्हाळा होता. डॉक्टरणीनं एकेक खिट्टी पकडीनं कट्कन काढली आणि आरसा हातात दिला. दात मागे गेले होते. सरळ, जरा पिवळट, माझेच. जिभेला सगळं गुळगुळीत लागत होतं, कुणा दुसऱ्याचं तोंड असावं तसं. ओठ आत बसला होता. मी आरशात पाहून थोडी घाबरले, कारण ही बाई पहिल्या तारांनंतरची नव्हती, दुसऱ्या तारांच्या आधीचीही नव्हती.

हे बाहेर उभे होते. मी समोर जाऊन म्हणाले, की झालं, चला. हे माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. कपाळाला आठी पडली. मग हळूच म्हणाले, "नाई."

मी पुन्हा म्हणाले. नाई. माझ्यामागे डॉक्टरीण उभी होती, तिलाही समजलं असावं, कारण ती आत निघून गेली. तारांचं तोंड यांनी कष्टानं शिकून घेतलं होतं आणि आता ते तोंडच राहिलं नव्हतं. आम्ही पाटीवर लिहून बस स्टँडवर आलो.

एसटीत यांना खिडकी मिळाली. हे खिडकीला पाठ लावून, माझ्याकडे तोंड करून तिरपे बसले, जाताना-येताना आम्ही नेहमी बसतो तसे. लोक पाहत होते. गाडी शहराबाहेर पडली, जंगल लागलं. मी बोलत राहिले. झाडाचं नाव, वळण, वाटेतला नाका, पुढच्या सीटवरच्या बाईचं मूल. एक समजे, दोन सुटत. नाई. नाई. हो. नाई. मला वाटायला लागलं, हे पुन्हा कधी पूर्ण जमणार नाही. दात वाचवले आणि बोलणं घालवलं.

रस्त्याचं काम चालू होतं. लाल धूळ आत यायला लागली. मी म्हणाले, खिडकी लावा. हे पाहत राहिले. नाई. मी तोंड नीट उघडून पुन्हा म्हणाले, खिडकी लावा. नाई. तिसऱ्यांदा. नाई. चौथ्यांदा म्हणताना माझे डोळे भरून आले आणि शेवटचा शब्द ओठातच राहिला.

तेव्हा यांच्या मिशांखाली हसू फुटलं.

"पयल्यांदाच समजलं होतं," हे म्हणाले. "पाहून राह्यलो होतो तुले."

खिडकी यांनी लावलीच नाही. मूलचा स्टँड येईपर्यंत मी तोंडभर धूळ खाल्ली आणि बोलत राहिले.